डिप्रेशनचे उपचार: पहिल्या पर्चीपासून गोळी थांबेपर्यंत

डिप्रेशनवर उपचार आहेत, आणि नेटाने घेतले तर बहुतेकांना गुण येतो. तरीही कित्येक माणसं वर्षानुवर्षं कुढत राहतात. बरीचशी डॉक्टरांकडे गेलेलीच नसतात, पण जी गेलेली असतात त्यांचेही उपचार दोन ठिकाणी हमखास सुटतात. एक म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे, जेव्हा गोळीचा त्रास जाणवतो आणि फायदा दिसत नाही. दुसरं म्हणजे तिसरा-चौथा महिना, जेव्हा बरं वाटू लागतं आणि "आता कशाला गोळ्या?" असं घरातलंच कोणीतरी म्हणतं. खालची माहिती या दोन जागा ओलांडता याव्यात म्हणून दिली आहे. ठिकाणं इंदूरची आहेत, कारण हे राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग अशा वस्त्यांतल्या मराठी घरांसाठी लिहिलं आहे. औषधांचं गणित मात्र सगळीकडे सारखंच.

ओळखायचं कसं

वाईट वाटणं आणि डिप्रेशन यांतला फरक मुदतीने आणि व्याप्तीने ठरतो. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास किंवा रिकामं असणं, किंवा आवडीच्या गोष्टींतला रस पार जाणं, या दोहोंपैकी एक तरी लक्षण हवंच. बाकीची लक्षणं अशी: झोप उडणं किंवा फार येणं, भूक किंवा वजन बदलणं, सतत थकवा, हालचाल मंदावणं किंवा उलट बेचैन येरझाऱ्या, आपण कुचकामी आहोत किंवा आपलंच चुकलं असं वाटत राहणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. नऊपैकी पाच लक्षणं एकत्र असतील आणि त्यामुळे रोजचं काम अडत असेल, तर डॉक्टर डिप्रेशनचं निदान करतात.

घरात मात्र ते या शब्दांत दिसत नाही. सत्तरीच्या आजी "उदास आहे" असं क्वचितच म्हणतात. करमत नाही, अन्नावर वासना नाही, पाठ भरून येते, पोटात गॅस धरतो, असं त्या सांगतात आणि वर्षभर पोटाच्या तपासण्या होत राहतात. कर्ता माणूस चिडचिडा होतो, त्याचं पिणं वाढतं. भंवरकुआंला खोली घेऊन परीक्षेची तयारी करणारा मुलगा पहाटे तीनला झोपतो, क्लास बुडवतो, घरचा फोन उचलत नाही आणि "आळशी झाला" हा शिक्का बसतो. म्हाताऱ्या माणसांत कधी विसरभोळेपणाच पुढे येतो आणि स्मृतिभ्रंशाचा संशय घेतला जातो. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटले तरी रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ते हळवेपण म्हणून सोडून देऊ नका. आणि बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, कोणी नसताना आवाज येतात म्हणाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

स्वतःचा अंदाज घ्यायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची तपासयादी वापरतात. हिंदीत आणि मराठीतही ती मिळते. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला, ते पाहायचं. अजिबात नाही असेल तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर २, जवळजवळ रोज असेल तर ३. बेरीज ५ ते ९ आली तर सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० किंवा जास्त तीव्र. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर बेरीज किती का असेना, त्याच दिवशी कोणाशी तरी बोलायचं.

या यादीत दोन चुका होतात. एक, भांडण झालेल्या संध्याकाळी बसून फक्त त्या दिवसाचा हिशेब लावणं. दुसरी, बायकोने नवऱ्याच्या वतीने किंवा मुलाने आईच्या वतीने ती भरणं. वाचून दाखवा, पण उत्तर ज्याचं त्याला देऊ द्या. कागदावर तारीख आणि बेरीज लिहून तो जपून ठेवा. दर महिन्याला पुन्हा भरलेली हीच यादी पुढे उपचार लागू पडतो आहे की नाही ते सांगेल. आपल्याला आठवणाऱ्या "जरा बरं वाटतं"पेक्षा ती कितीतरी भरवशाची असते.

गोळीच्या आधी दोन गोष्टी

पहिली गोष्ट शरीराची तपासणी. थायरॉइड मंदावला तर थकवा, जडपणा, उदासी अगदी डिप्रेशनसारखीच दिसते. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिनसकट रक्ताची पूर्ण तपासणी, साखर आणि बी-१२ पाहतात. शाकाहारी घरांत बी-१२ वरचेवर कमी निघतं. मात्र ते कमी निघालं की "चला, कारण सापडलं" म्हणून इंजेक्शनं घेऊन थांबू नका. कमतरता आणि डिप्रेशन शेजारी-शेजारी असू शकतात, दोन्हींचे उपचार लागतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असेल, रोज दारू होत असेल, अश्वगंधासारखं काही चालू असेल, तर तेही सांगा.

दुसरी गोष्ट राहून जाते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. आयुष्यात कधी असे चार-पाच दिवस किंवा आठवडा आला होता का, की दोन-तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटत होतं, बोलणं थांबत नव्हतं, पैसे उधळले, अचाट बेत आखले? रुग्णाला हे आजार वाटत नाही, म्हणून तो सांगत नाही. घरच्यांना मात्र ते लख्ख आठवतं. उत्तर "हो" असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो. त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला उसळण्याचा धोका असतो, आणि औषधंच वेगळी लागतात. भावाला किंवा मुलाला असा आजार असेल तर तेही सांगायचं.

कुणाकडे जायचं

औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस डॉक्टर असतो आणि नंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम करतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, थेरपी म्हणजे बोलण्यातून उपचार देतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. समुपदेशक चांगलेही असतात, पण "काउन्सेलर" ही पाटी लावायला अशी सक्तीची नोंदणी नाही. म्हणून शिक्षण काय, ते विचारून घ्या. सौम्य ते मध्यम त्रासात ओळखीचे फॅमिली डॉक्टरही उपचार सुरू करू शकतात.

इंदुरात सरकारी वाटा दोन. एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयातला मनोविकार विभाग आणि बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय, दोन्ही महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली. आधार कार्ड आणि जुने कागद घेऊन सकाळी लवकर जाऊन पर्ची काढा. बाणगंगेला कोणी पाहील, ही भीती खरी आहे. आपल्या वस्त्यांत सगळे सगळ्यांना ओळखतात. ज्याला ती भीती फार वाटते त्याने एमवायला जावं, तिथे माणूस कोणत्या विभागात चालला आहे ते गर्दीत कळतही नाही. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. पहिलं पाऊलच जड जात असेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. ही मोफत सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि हिंदीप्रमाणेच मराठीतही बोलता येतं.

पहिल्या भेटीत दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि नेमकं तेव्हाच काही सुचत नाही. म्हणून एका कागदावर आधीच लिहून न्या:

- त्रास केव्हापासून, आणि त्याआधी काय घडलं
- झोपेची खरी वेळ, वजनातला फरक, पीएचक्यू-९ ची बेरीज
- चालू असलेली सगळी औषधं. नावं लिहिण्यापेक्षा पट्ट्याच पिशवीत घाला
- आधी कधी असं झालं होतं का, तेव्हा कोणती गोळी लागू पडली
- मरणाचे विचार येतात का. बोलायला जड जात असेल तर तो कागद डॉक्टरांपुढे सरकवा

घरचं एक माणूस सोबत असावं, पण काही वेळ त्याने बाहेर थांबावं. सुनेसमोर सासू आणि वडिलांसमोर मुलगा खरं बोलत नाही. ज्या आजी मनातलं फक्त मराठीत बोलतात, त्यांचं बोलणं डॉक्टरांना हिंदीत सांगताना आपलं मत त्यात घालू नका. त्या म्हणाल्या तेवढंच सांगा.

गोळ्या, आणि पहिले तीन आठवडे

आज सहसा सुरुवात एसएसआरआय गटाच्या, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळीने होते. एस्सिटॅलोप्राम ५ किंवा १० मिलिग्रॅमने सुरू करून १० ते २० वर ठेवतात. पासष्टीपुढे सहसा १० च्या वर नेत नाहीत. सर्ट्रालिन २५ किंवा ५० ने सुरू होते, गरजेप्रमाणे २०० पर्यंत जाते, आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला बहुधा हीच निवडतात. फ्लुओक्सेटिन साधारण २० मिलिग्रॅम, सकाळी. झोप आणि भूक दोन्ही गेली असतील तर रात्री मिर्टाझापिन देतात. त्याने झोप लागते आणि वजन वाढतं. अंगदुखी सोबत असेल तर ड्युलॉक्सेटिनचा विचार होतो. अमिट्रिप्टिलिन जुनं आणि स्वस्त आहे, पण त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि हृदयविकार असलेल्यांना ते जपून द्यावं लागतं. हे आकडे पर्ची वाचता यावी म्हणून दिले आहेत. डोस ठरवायचा तो डॉक्टरांनीच.

आता खरी परीक्षा. गोळीचा त्रास पहिल्या दिवसापासून होतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, हात थरथरणं, उगाच घबराट वाढणं हे सगळं होऊ शकतं आणि बहुतेकांचं दोन आठवड्यांत ओसरतं. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री. त्रास फारच झाला तर आपण होऊन बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. अर्ध्या डोसने सुरू करून हळूहळू वाढवता येतं. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

सुधारणा ज्या क्रमाने येते तो घरच्यांना ठाऊक असावा. आधी झोप आणि भूक सुधारते, मग अंगात थोडं बळ येतं, मन शेवटी उजळतं. रुग्णाला काही फरक वाटायच्या आधी घरच्यांना दिसतो. बळ आलं आणि मन अजून अंधारातच, असा मधला काळ धोक्याचा असतो. पंचविशीच्या आतल्या मुलांत पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढताना दिसू शकतात. त्या काळात दर आठवड्याला डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं.

चार आठवड्यांत तसूभरही फरक नसेल तर डॉक्टर डोस वाढवतात किंवा गोळी बदलतात. पुरेशा डोसवर सहा ते आठ आठवडे काढल्याशिवाय "मला गोळ्या लागू पडत नाहीत" हा निष्कर्ष काढू नये. दोन महिन्यांत तीन डॉक्टर बदलून प्रत्येकाची गोळी पंधरा दिवस घेतली, तर प्रत्यक्षात एकही उपचार झालेला नसतो.

काही धोके मात्र उपचारभर लक्षात ठेवायचे. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. तोल जाणं, गोंधळणं, अचानक गळून जाणं दिसलं तर लगेच तपासा. एसएसआरआयबरोबर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते, म्हणून गुडघेदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक या गटाबरोबर घातक ठरू शकतं. आणि लैंगिक इच्छा कमी होणं किंवा वीर्यपतनाला फार वेळ लागणं हा परिणाम बऱ्याच जणांना होतो, संकोचाने कोणी बोलत नाही, आणि एके दिवशी गोळी गुपचूप बंद होते. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोस कमी करून किंवा गोळी बदलून त्यावर उपाय निघतो.

पट्टीवरचं घटकाचं नाव नेहमी वाचा. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. डिप्रेशनच्या गोळीचं व्यसन लागत नाही. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, एटिझोलाम या घबराट शमवणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची मात्र काही आठवड्यांतच सवय लागू शकते. सुरुवातीच्या घबराटीसाठी दोन ते चार आठवडे ती ठीक, त्यापुढे "ही कधी थांबवायची?" असं विचाराच. महिनोनमहिने घेतली असेल तर एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. आणि तिच्यावर दारू कधीच नको.

खर्चाचं म्हणाल तर एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात. दवा बाजारातून स्वस्त पडतं म्हणून सहा महिन्यांचा साठा एकदम आणून ठेवू नका; मरणाचे विचार येत असतील तर घरात आठवड्यापुरतीच गोळी असावी, तीही दुसऱ्याच्या ताब्यात. विमा असेल तर तोही वाचा. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायची तरतूद आहे.

थेरपी, आणि घरी करायचं काम

सौम्य डिप्रेशनमध्ये गोळीशिवायही थेरपीने चांगला गुण येतो. मध्यम आणि तीव्र त्रासात दोन्ही एकत्र दिलेले बरे. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं यांच्या सवयी बदलणारी थेरपी. आठवड्याला एक, साधारण १२ ते १६ बैठका, आणि दोन बैठकांच्या मध्ये घरचा अभ्यास. तिसऱ्या बैठकीपर्यंत आपण कशावर काम करतो आहोत ते ठरलेलं असावं. नुसतं "पॉझिटिव्ह विचार करा" असं सांगणारा किंवा गोळ्या बंद करा म्हणणारा थेरपिस्ट असेल तर बदला.

थेरपिस्ट मिळेपर्यंतही एक गोष्ट घरी सुरू करता येते. डिप्रेशनमध्ये माणूस मन होईपर्यंत थांबतो, मन होत नाही, काही केलं नाही म्हणून ते आणखी खचतं. हा फेरा कृतीकडून तोडायचा. पहिला आठवडा काहीही बदलू नका. वहीत दर दोन तासांनी काय केलं ते लिहा आणि पुढे दोन आकडे टाका: किती बरं वाटलं, आणि काहीतरी केल्यासारखं किती वाटलं, ० ते १०. आठवड्याने पाहिलं तर एकही दिवस सपाट नसतो. गच्चीवर वाळवण उचलताना ३ असतं, दुपारी पलंगावर फोन बघताना ०.

दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या तीन गोष्टी निवडून त्यांना वार आणि वेळ द्या. "मेघदूत बागेत रोज पाऊण तास फिरणार" हा बेत पहिल्याच दिवशी मोडतो आणि अपराधीपणा वाढवतो. "सकाळी सव्वासातला चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन पोहे आणणार" हे जमतं. तेही जमलं नाही तर फाटकापर्यंत. वेळ झाली की मनाला न विचारता उठायचं. एखादा चांगला दिवस आला म्हणून साठलेली सगळी कामं त्याच दिवशी उरकू नका. दुसरे दोन दिवस अंथरुणात जातात आणि घरचे म्हणतात, काल तर ठीक होतास. पुढे हळूहळू आठवड्यातून तीन वेळा ३० ते ४५ मिनिटं भरभर चालण्यापर्यंत न्या. सौम्य-मध्यम डिप्रेशनवर व्यायामाचा खरोखर उपयोग होतो. वैशाखात सातच्या आत.

झोपेसाठी झोपायची वेळ ठरवण्यापेक्षा उठायची वेळ पक्की करा, रविवारीही तीच. भजनी मंडळ, गणेशोत्सवातलं काम, नामस्मरण ज्याला गोड वाटतं त्याने जरूर करावं. गोळीच्या जागी मात्र नको.

तीव्र आजारात

दोन औषधं पुरेशा डोसवर, पुरेसा काळ घेऊनही गुण नसेल, तर लिथियमसारखं औषध जोडतात, किंवा आरटीएमएस देतात, ज्यात डोक्यावर चुंबकीय स्पंदनं देतात. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. रुग्णाने खाणंपिणं सोडलं असेल, भास होत असतील किंवा जिवाला धोका असेल, तर ईसीटी, म्हणजे मेंदूला नियंत्रित विद्युतप्रवाह देणं, हा सर्वांत परिणामकारक आणि लवकर गुण देणारा उपचार आहे. "शॉक" म्हणून लोक घाबरतात. आज तो भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच देतात. त्याशिवाय द्यायला कायद्यानेच बंदी आहे. साधारण ६ ते १२ वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, बहुतेकांची स्मरणशक्ती पुढे पूर्ववत होते.

जिवाला धोका वाटला तर

सरळ विचारा: "जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट ओझं हलकं होतं. उत्तर "हो" असेल तर उपदेश नको, आईबापांची शपथ नको. "काही ठरवलं आहे का, कशाने?" हेही विचारा. ठरवलं असेल तर एकटं सोडू नका. घरातली औषधं, फिनाइल आणि वर्षाच्या गव्हात घालायची कीडनाशकं घराबाहेर काढा. गहू कडुलिंबाच्या पाल्यावर राहू द्या. तसंच उठून एमवायच्या कॅज्युअल्टीला न्या, नाहीतर १०८ किंवा ११२ ला फोन करा. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा कायदा गृहीत धरतो, त्याला शिक्षा करत नाही.

गोळी थांबवताना

बरं वाटू लागणं म्हणजे औषध काम करतं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण बरं वाटल्याच्या दिवसापासून पुढे सहा ते नऊ महिने तोच डोस चालू ठेवायचा असतो. आजार आधीही येऊन गेला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. ती तारीख डॉक्टरांना विचारून पर्चीवरच लिहून घ्या, म्हणजे तिसऱ्या महिन्यात घरात वाद होत नाही.

थांबवताना काही आठवडे ते काही महिने लावून पायरीपायरीने उतरा. परीक्षा, घरातलं लग्न, बदली असल्या धामधुमीत सुरुवात करू नका. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या डिप्रेशनच्या गोळ्या उतरवायला जास्त वेळ लागतो, फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जातं म्हणून सोपं पडतं. डोस उतरवल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं झालं, तर ती बहुधा औषध सुटल्याची लक्षणं असतात. मागच्या पायरीवर परत जा आणि डॉक्टरांशी बोलून पुढची पायरी लहान घ्या. पण काही आठवडे नीट गेल्यावर पहाटे चारला जाग येऊ लागली, फोन उचलवेनासे झाले, पीएचक्यू-९ ची बेरीज पुन्हा वर सरकली, तर तो आजार परततो आहे. जी गोळी, ज्या डोसवर मागे लागू पडली होती, तीच सहसा पुन्हा लागू पडते. म्हणून तो जुना कागद आणि ती पर्ची घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं.